बंदराचा हातचा

"सर, या बंदरात सगळ्यात जास्त खोटं कोण बोलतं?"

प्रश्न माझा नव्हता. कस्तुरी आणि अल्फियाने पैज लावली होती, की मी हा टॉवरवर सगळ्यांसमोर विचारला तर आठवडाभर दोघींचे डबे माझे. अल्फियाच्या डब्यात शुक्रवारी खिमा असतो. मी विचारला.

आमच्या नववी 'ब'ची ती क्षेत्रभेट होती. शिरगोळ बंदराचा टॉवर म्हणजे पाण्याच्या टाकीला खिडक्या लावल्यासारखी एक इमारत, आणि तिच्यात आम्ही सगळ्या मुली, लोखंडे मॅडम आणि बंदराचे अधिकारी निमकर साहेब असे लोणच्यासारखे भरलो होतो. लोखंडे मॅडमनी डोळे मिटले. त्या कॉम्प्युटर शिकवतात, पण तेव्हा त्या देवाचं काहीतरी म्हणत असाव्यात.

निमकर साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली. "जहाज किती मोठं असतं, असं विचारायचं होतं का तुला?"

"नाही सर. खोटं कोण बोलतं."

"नाव काय?"

"हर्षाली जनार्दन तांडेल."

"टगवाल्या जना तांडेलची?"

"हो सर. आणि ट्रक मालक संघाच्या वैजूताईंची."

"म्हणजे दोन्हीकडून," साहेब म्हणाले.

मी आता बारावीत आहे, म्हणजे या विषयावर अधिकाराने बोलायचं माझं वय झालेलं आहे. तेव्हा सांगते. तो प्रश्न अगदीच आगाऊ नव्हता. आम्हा तिघींच्या घरी रात्रीच्या जेवणाला एकच विषय असायचा: बंदरात बाकीचे किती खोटं बोलतात. अल्फियाचे आजोबा मुकादम चाचा जहाजांचे एजंट. जहाज कधी रिकामं होणार, कागद कधी पुरे होणार, हे ते सांगायचे. माझी आई ट्रक संघाच्या ऑफिसात बसते, जेट्टीवर गाड्या कधी येणार आणि कधी हलणार हे ती सांगते. कस्तुरीच्या बाबांचे चार ट्रक आहेत आणि ते आई सांगते त्यावर विश्वास ठेवत नाहीत. माझे पप्पा टग चालवतात. टग म्हणजे ती बुटकी, तब्येतीने दांडगी बोट, जी स्वतःच्या वीसपट जहाजाला कान धरून आत आणते आणि बाहेर नेऊन सोडते.

आणि सगळे हातचा ठेवतात.

मुकादम चाचांचं जहाज बाराला मोकळं होणार असेल, तर ते दोन सांगतात. काही अडलंच तर बोलणी नकोत. आईच्या गाड्या अकराला हलणार असतील तर ती साडेबारा सांगते, कारण मुकादम चाचा मध्येच काहीतरी काढतात हे तिला माहीत आहे. निमकर साहेबांना दोघंही माहीत आहेत, म्हणून ते मनातल्या मनात वजा करतात. ते वजा करणार हे चाचांना माहीत आहे, म्हणून ते आणखी थोडं वाढवतात. कुणीही कुणाला फसवत नाही. सगळ्यांना सगळं माहीत आहे. फक्त खरी वेळ कुणालाच माहीत नाही.

निमकर साहेबांनी मला उत्तर दिलं नाही. खाली उतरताना जिन्यात मात्र ते लोखंडे मॅडमना म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. त्या पोरीलाच काढू दे उत्तर."

असा आमचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प सुरू झाला. लोखंडे मॅडमनी आम्हाला ऑनलाइन शीट करायला शिकवलं होतंच. आम्ही एक शीट केली, जी प्रत्येकाला आपापल्या फोनवर उघडता येईल. मुकादम चाचांनी जहाजाची वेळ लिहायची, आईने गाड्यांची, पप्पांनी टग परत आत कधी येणार ती. प्रत्यक्षात काय घडलं ते टॉवरच्या नोंदीतून साहेब पाठवणार आणि मी भरणार. बंदराच्या ग्रुपवर साहेबांनी लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "शाळेच्या मुली आहेत, सहकार्य करावे."

मोठी माणसं मुलींशी सहकार्य फार छान करतात. सगळ्यांनी भरायला सुरुवात केली. महिन्याभरात त्यांना सवयच लागली, कारण त्यामुळे दिवसाचे पन्नास फोन वाचत होते. फक्त फोनवर जे खोटं सांगायचे तेच आता ते शीटमध्ये लिहायचे. पूर्वीपेक्षा नीटनेटकं.

मी एक जादा रकाना केला होता. 'फरक'. सांगितलेली वेळ आणि खरी वेळ यांतला सरासरी फरक. तो मी लपवून ठेवला होता, फक्त मला आणि मॅडमना दिसायचा. मुकादम चाचा, अधिक दोन तास. आई, अधिक दीड. म्हणजे सांगितलं त्याच्या तेवढं आधी त्यांचं काम तयार असतं.

आणि पप्पा, वजा दोन.

"हे चुकलंय," लोखंडे मॅडम म्हणाल्या. "वजा कसं येईल?"

"ते सांगतात त्याच्या दोन तास नंतर परत येतात, मॅडम."

"टॉवरच्या नोंदीत आहे?"

"टॉवर जहाज बाहेर गेल्याचं लिहितो. टग परत कधी आली ते कोण बघत नाही. ते मी घरून भरलं."

"घरून म्हणजे?"

"आई भात कधी लावते त्यावरून. पप्पा आल्याशिवाय ती लावत नाही."

मॅडमनी चष्मा पुसला. "हर्षाली, भात हा पुरावा नाही. तो रकाना प्रदर्शनात दाखवू नकोस."

नाही दाखवला. आम्हाला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला. पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला. तालुक्यात ज्वालामुखी नाही.

मग मे महिन्यात वादळाची बातमी आली.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांब दांडा आहे, पाण्याखाली. एरवी त्याच्यावरून टग ये-जा करते, कुणाला पत्ताही लागत नाही. नैर्ऋत्येकडून मोठी लाट सुरू झाली, की ती त्या दांड्यावर फुटते आणि खाडीचं तोंड बंद होतं. तोंड बंद म्हणजे आतला आत आणि बाहेरचा बाहेर. मोठ्या जहाजाला त्याचं काही नाही, ते खोल समुद्रात जाऊन वादळ काढतं. टगचं तसं नसतं. आदल्या वर्षी एक मच्छीमार बोट बाहेर अडकली होती. तिची माणसं दुसऱ्या गावाच्या किनाऱ्याला लागली, बोट लागली नाही.

त्या दिवशी जेट्टीला खताचं जहाज लागलेलं होतं. वादळात ते तिथे ठेवणं म्हणजे त्याने जेट्टी ठोकून काढली असती, आणि एकदा जेट्टी गेली की शिरगोळमध्ये बंदर नावाचं काही उरत नाही, फक्त पाणी उरतं. म्हणून जहाज बाहेर काढायचं ठरलं. काढणार पप्पांची टग, कारण दुसऱ्या टगचं इंजिन दुरुस्तीला उघडून ठेवलेलं होतं.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी आईच्या ऑफिसात बसून बिस्किटं खात होते आणि शीट बघत होते. शीटमध्ये सकाळी सगळ्यांनी भरलेलं होतं. मुकादम चाचा: जहाज दोनला तयार. आई: गाड्या दीडला जेट्टीबाहेर. पप्पा: जहाज दोनला सुटलं तर टग तीनला आत. आणि वर निमकर साहेबांनी लाल अक्षरांत टाकलेलं: दांडा अंदाजे चारला बंद.

हिशेब छान होता. तीनला आत, चारला बंद. त्यावर साहेब सगळ्यांसारखंच धरून चालले असणार, की जना तांडेलनेही हातचा ठेवलाय, म्हणजे अडीचलाच आत.

मी लपवलेला रकाना उघडला. बिस्कीट तसंच हातात राहिलं.

"आई."

"हं." ती फोनवर एका ड्रायव्हरला शिव्या देत होती, म्हणजे ऐकत होती.

"पप्पा तीन म्हणालेत. तीनला आत."

"मग?"

"मग काय, भात लावशील का तीनला?"

आईने फोन कानापासून बाजूला केला. आत ड्रायव्हर बोलतच होता. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीतून खाडीच्या तोंडाकडे बघितलं, मग फोनमध्ये म्हणाली, "ठेव रे, मेल्या," आणि लगेच टॉवरला लावला.

"निमकर साहेब, वैजू बोलतेय. ह्यांनी तीन लिहिलंय ते पाच धरा."

स्पीकर चालू होता, म्हणून साहेबांचं हसणं मला ऐकू आलं. "वैजूताई, काळजी वाटणं साहजिक आहे. पण तांडेल वीस वर्षं टग चालवतोय. तो तीन म्हणतो म्हणजे अडीच."

"साहेब, माझा नवरा 'आलोच' म्हणतो तेव्हा मी तांदूळसुद्धा धूत नाही. तुम्ही जहाज बाहेर पडलं की वही मिटता. पुढचे दोन तास माझ्याकडे असतात."

पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "मग दोनला नाही सोडता येणार जहाज. बाराला सोडावं लागेल. आणि बाराला ते तयारच नाही. तुमच्या गाड्या दीडला हलणार, चाचांचं दोनला. मी काय करू?"

मी आईकडून फोन घेतला. मला विचारायला हवं होतं, पण तिने दिला असता असं नाही.

"सर, ते बाराला तयार आहे."

"हर्षाली? शीटमध्ये दोन आहे."

"शीटमध्ये आणखी एक रकाना आहे, सर. तो तुम्हाला दिसत नाही. दाखवू?"

"काय आहे त्याच्यात?"

"तुम्हाला टॉवरवर जे विचारलं होतं, त्याचं उत्तर."

"दाखव," साहेब म्हणाले.

मी आईकडे बघितलं. त्या रकान्यात तिचंही नाव होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. मी रकाना उघडा केला. बंदरातल्या सगळ्यांच्या फोनवर तो एकाच वेळी दिसला.

पहिला फोन मुकादम चाचांचा आला.

"हर्षाली बेटा, हे कोणी लिहिलंय? मी सरासरी दोन तास खोटं बोलतो?"

"सरासरी, चाचा."

"साफ चूक आहे. दीड तास."

"मग जहाज दीड तास आधी निघेल?"

फोनमध्ये मागे कुणीतरी साखळी ओढत होतं. "कागद झालेत," चाचा म्हणाले. "जहाजाच्या कोठारांवर झाकणं बसवतायत. तुझी आई गाड्या हलवेल तर बाराला सोडतो मी. पण ती हलवणार नाही. तिला विचार, तिचं किती आहे ते."

"माझं किती आहे?" आईने विचारलं. ती माझ्या खांद्यावरून वाचत होतीच.

"दीड."

"तुला मी जेवायला घालते," आई म्हणाली. मग चाचांना ऐकू जाईल अशा आवाजात, "अर्ध्या तासात जेट्टी रिकामी करते म्हणावं. आणि त्यांचं दोन आहे, दोन."

पण ड्रायव्हर हलेनात. आईने ग्रुपवर सांगितलं, ताबडतोब निघा. पहिल्याचा फोन आला, "वहिनी, ताबडतोब म्हणजे जेवून का?" दुसऱ्याचा आला, "खरी वेळ सांगा ना वहिनी, किती वाजता?" ती म्हणाली, "आत्ता." तो म्हणाला, "हां, पण खरी?"

आईने ओढणी कमरेला खोचली, स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं. जेट्टीवर पहिल्या ट्रकच्या तोंडासमोर जाऊन तिने स्कूटर लावली, हेल्मेट काढलं नाही, आणि हॉर्न दाबून धरला. तिला प्रत्यक्ष जेट्टीवर कुणी कधी पाहिलं नव्हतं. ती फोनमधली बाई होती. पहिला ड्रायव्हर खाली उतरला, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा चढून इंजिन सुरू केलं. मागून कस्तुरीचे बाबा ओरडत आले, "वैजूताई, त्या शीटमध्ये आमची नावं नाहीत ना?"

"घालू का?" मी विचारलं.

गाड्या हलल्या.

तेवढ्यात टगवरून रेडिओवर पप्पांचा आवाज आला. रेडिओ सगळं बंदर ऐकतं, जेट्टीच्या केबिनमध्येही एक असतो.

"टॉवर, भवानी बोलतेय." भवानी म्हणजे टग. "ते वजा दोन कोणाचं लिहिलंय?"

"तुमचं, तांडेल."

"मी काय कमी पडलो कोणाला?"

"कमी नाही पडलात. उशिरा पडता."

"कोणी सांगितलं?"

"घरून आलंय."

"घरून कोणी?"

"दोघींनी," साहेब म्हणाले.

नुसती खरखर. सगळं बंदर ती खरखर ऐकत होतं. मग पप्पा म्हणाले, "बाराला सोडा."

बाराच्या आसपास जहाज सुटलं. आई आणि मी टॉवरवर गेलो. निमकर साहेबांनीच बोलावलं होतं, "वर या, खाली उभ्या राहून तरी काय करणार?" मुकादम चाचा आधीच येऊन बसलेले होते. त्यांनी माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं, कारण ते भिंतीवरच्या अग्निशामक सूचना वाचत होते.

आता वाचून वाटेल, की झालं, दोन तास वाचले, सगळे सुखी. पण लाटेला कुणी शीटची लिंक दिलेली नव्हती. एक वाजायच्या सुमाराला दांड्यावर पांढरी रेघ दिसायला लागली. आधी तुटक, मग तुटलेली तोंडं जुळायला लागली. चारला बंद होणार होता तो दांडा आत्ताच होत होता.

टग बाहेर होती. दोर सोडलेला होता, जहाज स्वतःच्या इंजिनावर चाललेलं होतं, आणि पप्पा त्याच्या मागे मागे, तसेच, चाललेले होते.

"भवानी, वळा," साहेब रेडिओवर म्हणाले. "काम झालंय."

"जहाज अजून दांड्यापलीकडच्या खडकांच्या अलीकडे आहे."

"पार झालंय. माझ्या रडारच्या स्क्रीनवर दिसतंय. वळा."

"तुमच्या स्क्रीनवर," पप्पा म्हणाले. लाटांमुळे आवाज वरखाली होत होता. "साहेब, तुमचा फरक किती? शीटमध्ये तुमचं नाव नाही दिसलं."

चाचांनी अग्निशामक सूचना वाचणं थांबवलं.

"तुम्ही वीस वर्षं 'पार झालं' सांगता तेव्हा ते व्हायचं असतं," पप्पा म्हणाले. "मला इथून खडक दिसत नाहीत, पावसाने झाकलेत. मी सोडून वळलो आणि त्याचं इंजिन बसलं, तर?"

चाचांनी जहाजाच्या कॅप्टनला फोन लावला, बोलले, आणि साहेबांच्या हातातून रेडिओ घेतला. "जना, कॅप्टन स्वतः सांगतोय, पार झालो. जा तू."

"चाचा, तुमचं अधिक दोन आहे."

चाचांनी रेडिओ परत दिला. आई खिडकीशी उभी होती. तिने अजून हेल्मेट काढलेलं नव्हतं. पांढऱ्या रेघेत मधोमध एक काळी फट राहिलेली होती, तेवढीच.

"सर," मी म्हटलं, "स्क्रीनचा फोटो टाका ना ग्रुपवर."

"ही स्क्रीन टॉवरच्या बाहेर दाखवायची नसते."

"का?"

मला वाटतं, साहेबांना ते कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या आधीचे साहेब दाखवत नव्हते, म्हणून तेही दाखवत नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला. घाईत पहिला फोटो त्यांच्या टेबलावरच्या चहाच्या कपाचा आला, आणि तोही ग्रुपवर गेला. दुसरा स्क्रीनचा आला. त्यात खडक होते, त्यांच्या बऱ्याच पलीकडे जहाजाचा ठिपका होता, आणि त्याच्या मागे एक बारका ठिपका.

आम्ही सगळे रेडिओकडे बघत होतो.

"टॉवर," पप्पा म्हणाले, "हा बारका मी आहे का?"

"हो."

"एवढा लांब आलोय मी?"

"हो, तांडेल."

"वळतोय."

टग वळली ते मोठं दृश्य वगैरे नव्हतं. इतक्या लांबून ती काडेपेटीएवढी दिसत होती. ती फटीच्या दिशेने आली, एका लाटेमागे गेली, आणि मग तिथे नुसतीच लाट होती. आईने खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं. मग काडेपेटी फटीच्या अलीकडे दिसली, जरा वाकडी, मग सरळ. ती खाडीत आत आल्यावर थोड्याच वेळात पांढरी रेघ दोन्ही बाजूंनी येऊन जुळली.

आई म्हणाली, "चल, भात लावू."

वादळ रात्री आलं आणि गेलं. दोन झाडं, शाळेचे पत्रे आणि कस्तुरीच्या घरची पाण्याची टाकी एवढं घेऊन गेलं. जेट्टी होती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. सकाळपासून घरात कोण कुणाशी फारसं बोललं नव्हतं. वीज नव्हती, म्हणून टीव्हीचाही आधार नव्हता. पप्पांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"तो रकाना काढ."

"का?"

"अख्खं बंदर मला वजा म्हणतं. सकाळी चहावाला म्हणाला, वजा शेठ, कटिंग देऊ?"

"मुकादम चाचांना अधिक दोन म्हणतात."

"त्याला अधिक म्हणतात," पप्पा म्हणाले. "मला वजा."

आई भात वाढता वाढता थांबली. "पण दोन तास तिथे करता काय तुम्ही?"

गंमत म्हणजे इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलेलंच नव्हतं. ती उशिराचा हिशेब ठेवायची, उशिराच्या कारणाचा नाही.

"काय करणार?" पप्पा म्हणाले. "उभा असतो."

"कशाला?"

"जहाज दिसेनासं होईपर्यंत. दोर सोडला की नियमाने माझं काम संपलं. पण पुढे खडक आहेत, आणि त्या जहाजांची इंजिनं बघितलीयस का तू? आमच्या इथे चांगली जहाजं येत नाहीत वैजू, म्हातारी येतात. मी वळलो आणि मागे एखादं बसलं, तर दुसरं आहे कोण तिथे?" त्यांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत. "तुला सांगितलं असतं तर तू तेवढा वेळ घाबरली असतीस. म्हणून आलोच म्हणतो."

"मी काय तेवढा वेळ नाचत असते?"

"ते मला काय माहीत."

"म्हणजे तुमचाही हातचाच," आई म्हणाली. "सगळ्यांसारखा."

"माझा नाही. जहाजाचा."

आईने त्यांच्या ताटात भात वाढला, मागितला नसताना. मग स्वतःच्या ताटात वाढला आणि बराच वेळ नुसताच कालवत बसली.

मी ताट सरकवलं.

"मी काहीतरी ठरवलंय."

"आधी रकान्याचं सांग," पप्पा म्हणाले.

"रकाना राहणार. निमकर सर उद्यापासून त्यात त्यांचंही नाव घालणारेत. आणि स्क्रीन रोज सगळ्यांना दिसेल अशी करून देतो म्हणालेत, फोटो काढायला नको. मी सकाळीच जाऊन विचारून आले."

"सकाळी कस्तुरीकडे गेली होतीस ना?" आईने विचारलं.

"कस्तुरीकडे टाकी नव्हती, ती रडत होती, मग मी टॉवरवर गेले. ते राहू दे. तुम्ही ठरवलंय तशी मी फार्मसीला जाणार नाही."

आईचा घास हातातच राहिला. "का? काय झालं फार्मसीला?"

"फार्मसीला काही नाही झालं. मी टॉवरवर बसणार आहे. पाहुणी म्हणून नाही, नोकरीला. शिकावं लागतं, परीक्षा असते, रेडिओचं लायसन्स असतं, इंग्रजी सुधारावं लागेल असं सर म्हणाले. काही वर्षं लागतील. मी घेणार ती."

पप्पा माझ्याकडे बघत होते, दूरवरच्या एखाद्या गोष्टीकडे बघावं तसे, डोळे बारीक करून. "आणि तिथे बसून करणार काय गो तू?"

"तुम्ही सोडलेलं जहाज दिसेनासं होईपर्यंत मी बघणार," मी म्हटलं. "तुम्ही वळायचं."